जुनं कौलारू घर घेतल्यावरचे पहिले दोन पावसाळे

कोकणात जुनं घर घेतोय म्हटलं की लोक दोनच सल्ले देतात. एक, "पाडा आणि स्लॅब घाला." दुसरा, "सातबाऱ्यावर नावं किती आहेत ते आधी मोजा." पहिला आम्ही मानला नाही, दुसरा मानला, आणि सव्वादोन वर्षांनी घर राहण्याजोगं झालंय. कुणी या वाटेला निघालं असेल तर उपयोगी पडेल म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. कागदांचं जरा सविस्तर आहे. कंटाळा आला तर थेट पावसापाशी या.

घर रत्नागिरी जिल्ह्यात आहे, मुंबई-गोवा महामार्गापासून बरंच आत, घाटाच्या बाजूला. जांभ्या चिऱ्याच्या मातीत रचलेल्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी, बाजूला कललेला गोठा, चिरेबंदी विहीर आणि सगळं मिळून 22 गुंठे. आम्ही ते पहिल्यांदा पाहिलं नोव्हेंबर 2023 मध्ये. दहा-बारा वर्षं बंद होतं. दार उघडल्यावर वटवाघळं बाहेर आली, नवरा दोन पावलं मागे सरला, आणि मी वर बघून आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड, सरळ आहे की नाही ते बघत होते. आढं सरळ होतं.

देशावर गावठाण एका जागी असतं. कोकणात घरं वाड्यावाड्यांत विखुरलेली, त्यामुळे कित्येक जुनी घरं शेतजमिनीच्या सातबाऱ्यावरच उभी असतात. आमचंही तसंच. म्हणजे आपण घर घेतोय असं वाटलं तरी कागदावर शेतजमीन घेत असतो, आणि ती घ्यायला महाराष्ट्रात मुळात शेतकरी असावं लागतं. माझ्या नावावर माण तालुक्यात वडिलोपार्जित थोडी जमीन आहे, तिथला उतारा जोडला. ज्यांच्याकडे असा उतारा नाही, त्यांनी बयाणा देण्याआधी हा एक प्रश्न वकिलाकडून सोडवून घ्यावा. घर कितीही आवडलेलं असो. दुसरी गोष्ट तुकडेबंदीची, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे विकायला बंदी घालणाऱ्या कायद्याची. आमचा हिस्सा नंबर अखंड विकला जात होता म्हणून ती आड आली नाही. "त्यातले पाच गुंठे तुम्हाला, बाकी आमच्याकडे" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा.

सातबाऱ्यावर विक्रेत्यांच्या आजोबांचं नाव होतं, आणि आजोबा जाऊन बराच काळ लोटला होता. वारसनोंद झालेलीच नव्हती. वारसांत तीन भाऊ, दोन बहिणी, आणि एका दिवंगत भावाची बायको-मुलं. एक बहीण बडोद्याला. "बहिणींचा काही प्रश्न नाही, त्या नाही म्हणणार नाहीत," असं सगळ्यात मोठे भाऊ अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. आमच्या वकीलबाईंनी तितक्याच शांतपणे सांगितलं की नाही म्हणणार नाहीत तर सही करतील. बडोद्याच्या ताईंनी नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून पाठवलं. वारसनोंद विक्रेत्यांनीच करायची, तिचा खर्च त्यांचा, आणि ती झाल्यावरच खरेदीखत, असं साध्या कागदावर लिहून घेतलं होतं. तो कागद पुढे फार कामाला आला, कारण मध्येच "आधी पैसे द्या, नोंद मागाहून होईल" असा सूर निघाला होता.

30 वर्षांचा सर्च (जमिनीच्या जुन्या व्यवहारांच्या नोंदी तपासणं), स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि वकिलांची फी मिळून 20 हजारांच्या आसपास गेले. घराची किंमत लिहीत नाही, कारण वाडी बदलली की भाव बदलतो आणि माझ्या आकड्याने कुणाचा तरी व्यवहार उगाच बिघडेल. नोंदणी फी मात्र सगळीकडे सारखी: किमतीच्या 1 टक्का, पण कमाल 30 हजार. मुद्रांक शुल्क वेगळं.

खरेदीखत एप्रिल 2024 च्या शेवटच्या आठवड्यात झालं, आणि लगेच 7 मेला आमच्या भागात लोकसभेचं मतदान. सगळं महसूल खातं निवडणुकीच्या कामाला. खरेदीखत नोंदवलं की फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलण्याची, नोंद धरली जाते, मग हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते, आणि हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कागदावर सोपं आहे. आमची नोटीस कुठवर आलीय ते मी रोज रात्री 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर बघायचे, आणि नवरा मला बघायचा. जून अर्धा उलटल्यावर नोंद मंजूर झाली. 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा उतरवला आणि त्यावर आपलं नाव वाचलं तेव्हा आनंदापेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटलं.

एक घोळ सगळ्यांचाच होतो, म्हणून सांगते. तलाठ्याकडचा 8अ हा तुमच्या जमिनीच्या खात्याचा उतारा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घराच्या कर आकारणीचा. जमीन नावावर झाली म्हणजे घरपट्टी आपोआप नावावर होत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीत वेगळा अर्ज, सोबत खरेदीखताची प्रत, सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू) आणि घरपट्टीची थकबाकी भरल्याची पावती. हा अर्ज मासिक सभेपुढे जातो, ठराव होतो, मग नाव लागतं. सभा चुकली की महिना गेला. वीजमीटर नावावर करायला आम्हाला पुन्हा याच उताऱ्याचा उपयोग झाला, म्हणून हे काम लांबवू नका. (तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झालेत आणि ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी, पण वाडीत अजून कुणी तसं म्हणत नाही.)

आता पाऊस.

नाव लागेपर्यंत मृग संपत आला होता. कौलं उतरवणं शक्य नव्हतं. मला आतून फार चुटपुट लागली होती. वर्ष फुकट जाणार असं वाटत होतं. शेजारच्या काकी म्हणाल्या, "काय नाय जात फुकट. घरात बसून पाऊस बघा आधी. मग ठरवा काय ते." काकींचं स्वतःचं घर त्याच वयाचं आहे, आणि कुठे काय करायचं हे त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. आम्ही तो सल्ला अक्षरशः घेतला. सुट्टी मिळेल तसं जायचं, एका खोलीत ताडपत्री बांधून राहायचं आणि एक वही ठेवायची. हे लिहिण्यामागे मला एकच गोष्ट सांगायचीय, ती म्हणजे ही वही. पुढे आर्किटेक्टला, सुतारांना, गवंड्याला आम्ही जे काही सांगू शकलो ते सगळं त्या वहीतून आलं.

वहीत घराचा हाताने काढलेला ढोबळ नकाशा होता आणि त्यावर खुणा. गळती कुठे, तर जिथे पातेलं ठेवलं तिथे गोल. मला वाटलं होतं सगळीकडे गळेल. प्रत्यक्षात गोल दोनच ठिकाणी दाटले: मुख्य छपराची पाख, म्हणजे उतरती बाजू, आणि मागच्या पडवीचं छप्पर जिथे मिळतं तिथे, कारण कुणीतरी कधीतरी तिथे पत्र्याचा तुकडा सरकवला होता आणि तो गंजून चाळण झाला होता. बाकी फुटकी कौलं तेवढी, म्हणजे वानरांची कृपा. दुसरी खूण ओलीची. ओटीच्या भिंतीला काही नाही. मागच्या भिंतीला मात्र ओल जमिनीपासून छातीपर्यंत चढलेली. तिथे खालचे तीन फूट सिमेंटचा गिलावा होता. मातीतल्या चिऱ्याच्या भिंतीला सिमेंट लावलं की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती वर चढते, हे मी वाचलं होतं. आर्द्रा नक्षत्रात ते हाताने चाचपून बघितलं: सिमेंट कोरडं ठणठणीत, आणि त्याच्या वरच्या कडेला बोट लावलं की चुना ओल्या पिठासारखा हाताला येत होता.

तिसरी खूण वाऱ्याची. झड नैऋत्येकडून येते हे ऐकून माहीत होतं, पण माजघराच्या कुठल्या खिडकीतून पाणी थेट देवघराच्या चौकटीपर्यंत जातं ते जुलैतच कळलं. त्या खिडकीवरची वळचण दीड फूट पुढे काढायची, हे तिथेच पेन्सिलीने लिहिलं.

आणि अंगण. ठाण्याच्या आमच्या घरी बसून मी अंगणाचं चित्र काढलं होतं: मागच्या बाजूला हिरवळ, मध्ये दगडी पायवाट, कडेला बाक. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सलग तीन दिवस पाऊस लागला तेव्हा वरच्या पाणंदीतून आलेलं पाणी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कोपऱ्यातून आत शिरलं, गोठ्याला वळसा घालून नेमकं माझ्या हिरवळीवरून आणि बाकावरून घोट्याएवढं वाहत खालच्या पऱ्याला (ओढ्याला) जाऊन मिळालं. त्याची ती नेहमीचीच वाट होती. दगड गुळगुळीत झालेले दिसत होते, फक्त आम्ही उन्हाळ्यात बघितल्यामुळे ते लक्षात आले नव्हते. हिरवळ त्या दिवशी रद्द झाली.

पाणी किती असतं याचा हिशेब एकदा करून बघावा. आमच्या घराचं छप्पर झाकतं ती जागा साधारण 110 चौरस मीटर. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे नुसत्या छपरावर 3 लाख 30 हजार लिटर पाणी पडतं आणि ते सगळं पागोळ्यांतून जोत्याच्या पायाशी उतरतं. जुन्या लोकांनी जोतं उंच घेतलं, वळचण लांब काढली, भोवती चिरे बसवले, ते या पाण्यासाठी. आमच्या घराभोवती मात्र मधल्या वर्षांत माती साचत गेली होती आणि जोतं मागच्या बाजूला जेमतेम सहा इंच उघडं राहिलं होतं. पहिलं काम ठरलं ते हे: माती काढायची. सगळ्या खर्चात हेच काम स्वस्त. चार गडी, एक आठवडा.

गणपती झाले, दसरा झाला आणि माणसं शोधायला लागलो. पहिले एक ठेकेदार आले. घरात पाऊल न टाकता अंगणातून म्हणाले, "पाडून नवीन करा, चौरस फुटाला इतके." त्यांचा दर वाईट नव्हता. पण लाकडाचं काय, तर "ते आम्ही नेतो." जुनं सागवान आणि ऐन फुकट नेणार होते. मग रत्नागिरीच्या एक आर्किटेक्ट मिळाल्या, ज्यांनी अशी घरं दुरुस्त केली होती. त्यांनी वही मागून घेतली, दोन दिवस राहून मापं घेतली आणि आमच्या इच्छांच्या यादीतल्या निम्म्या गोष्टींवर काट मारली. माजघर आणि ओटीमधली भिंत काढून मोठा हॉल? ती भिंत तुळया पेलते, नाही. ओटीला काच? घर घुसमटेल, नाही. वर खोली? माळ्याची उंची नाही, आणि मजला वाढवला की दुरुस्ती राहत नाही, बांधकाम होतं. मापांचे नकाशे आणि कामांचा क्रम लावून देण्याचे त्यांनी 35 हजार घेतले. मला आधी जास्त वाटले. क्रम लावून दिला हेच खरं मोल होतं: पाणी, छप्पर, भिंती, वीज, जमीन, आणि सगळ्यात शेवटी रंग. आमच्या डोक्यात तो बरोबर उलटा होता.

परवानगीचं म्हणाल तर आम्ही ग्रामपंचायतीला लेखी विचारलं. आहे त्या जोत्यावर, आहे तेवढ्याच उंचीत दुरुस्ती, कौलं, गिलावा, फरशी याला हरकत नाही. जोत्याबाहेर काही वाढवलं तर रीतसर परवानगी, असं उत्तर मिळालं. तुमच्याकडे वेगळं असू शकतं, म्हणून तोंडी उत्तरावर जाऊ नका, पोच घ्या. या एका उत्तराने संडास-बाथरूमची जागा ठरली. बाहेर नवीन बांधण्याऐवजी मागच्या पडवीच्या टोकाला, आहे त्या छपराखाली. शोषखड्डे दोन, आणि ते विहिरीच्या उताराकडच्या बाजूला, 15 मीटरच्या पलीकडे. जांभ्यातून पाणी भराभर जिरतं, ही कोकणातली सोयही आहे आणि धोकाही.

सुतारमामा आले डिसेंबरमध्ये. वय साठीच्या पुढे, बोलणं कमी. एक छोटा हातोडा, एक पेचकस आणि खडू घेऊन ते माळ्यावर चढले आणि एकेक वासा वाजवत सुटले. खणखणीत आवाज आला की पुढे. बद्द आवाज आला की पेचकस टोचायचा. अर्धा इंच आत गेला की खडूने आडवी रेघ, मूठभर भुसा खाली आला की फुली. भिंतीवर टेकलेलं टोक ते दोनदा वाजवायचे, कारण वाळवी आणि ओल दोन्ही तिथूनच शिरतात. मी खाली वही घेऊन उभी. संध्याकाळपर्यंत हिशेब झाला: आढं आणि तुळया शाबूत, वाशांपैकी 23 फुलीचे, 11 रेघेचे, म्हणजे टोक कापून जोड देण्यासारखे. रिपा, म्हणजे कौलं ज्यांवर बसतात त्या पट्ट्या, सगळ्याच बदलायच्या. "ताई, हे ऐनाचं लाकूड अजून पन्नास वर्षं काढील," ते खाली उतरून हात धूत म्हणाले, "पण वरून पाणी घालू नका त्याला." ठेकेदाराने अंगणातून बघून दिलेला निकाल आणि हा निकाल यांत एका दिवसाच्या मजुरीचा फरक होता.

त्याच महिन्यात मोजणीचा अर्ज टाकला. कुंपण घालायच्या किंवा कडेला झाडं लावायच्या आधी हद्द कायमची मोजणी करून घ्या, हे मी हात जोडून सांगेन. विधानसभेची आचारसंहिता नोव्हेंबरात संपली आणि 1 डिसेंबर 2024 पासून मोजणीचे दर बदलले: ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला 2 हजार, द्रुतगतीला 8 हजार. घाई नव्हती, नियमित भरली. फेब्रुवारीत तारीख आली. लगतच्या सगळ्यांना नोटिसा गेल्या, आणि त्या दिवशी सगळी वाडी आमच्या अंगणात. भूकरमापक रोव्हरची (उपग्रहाच्या साहाय्याने मोजणाऱ्या यंत्राची) काठी घेऊन फिरत होते, मागे चार म्हातारे आपापल्या आठवणी घेऊन. एका बाजूचा गडगा आमच्या हद्दीत दोन-अडीच फूट आत निघाला. शेजारी गप्प झाले, आम्हीही गप्प. तो गडगा त्यांच्या वडिलांनी रचलेला. आम्ही खुणेचे दगड पुरून घेतले, नकाशाची क प्रत रीतसर काढली आणि गडगा आहे तिथेच ठेवला. त्याबदल्यात, म्हणजे बदल्यात असं कुणी म्हणालं नाही, पण वरच्या पाणंदीचं पाणी त्यांच्या बांधाच्या कडेने वळवायला ते सहज तयार झाले. अडीच फुटांपेक्षा ते पाणी आम्हाला महत्त्वाचं होतं.

छपराचं काम मार्च 2025 च्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं आणि शिमग्याला थांबलं. हे कामाच्या वेळापत्रकात धराच. ग्रामदेवतेची पालखी घरी यायची असते तेव्हा कोकणात छपरावर कुणी चढत नाही, आणि चढू नये. नंतर काम भराभर चाललं. जुनी कौलं एकेक उतरवून, घासून, वाजवून निवडली. दोन हजारांपैकी बाराशे परत चढली. नवी 38 रुपयांना पडली, आणि दोनशे जास्तीची घेऊन गोठ्यात रचून ठेवली, कारण वानरं कुठे जात नाहीत. वासे नवे न घेता तालुक्यात पाडलेल्या एका घराचं जुनं लाकूड घेतलं; वाळलेलं, मुरलेलं, पिळवटत नाही. बसवण्याआधी प्रत्येक वाशाच्या टोकाला काजूच्या टरफलांचं तेल दोन हात. हातमोजे घालून लावा, ते तेल कातडी जाळतं. छपराचा सगळा खर्च चार लाखांच्या आतबाहेर गेला, त्यातला निम्मा मजुरीचा. सुताराचा रोज 1100, गड्याचा 700.

15 मेपर्यंत संपवायचं ठरलं होतं. मागच्या पडवीची पाख राहिली होती आणि तेवढ्यात 20 मेपासून पाऊस सुरू झाला. वळवाच्या दोन सरी असतील म्हणून आम्ही हसलो. ज्यांना 2025 चा मे आठवतो त्यांना पुढचं सांगायला नको. मोसमी वारे 24 मेला केरळात आले, आणि 26 तारखेला मुंबईत, इतक्या लवकर ते मुंबईत कधीच आले नव्हते. आम्ही ठाण्यात, घर उघडं. सुतारमामांचा फोन: "ताडपत्र्या घातल्याहेत, तुम्ही येऊ नका, येऊन काय करणार?" त्या चार रात्री झोप नव्हती. मग मिळालेल्या दोन दिवसांच्या उघडिपीत त्यांनी रिपा ठोकून कौलं चढवली. दरवर्षी पावसाची तारीख 7 जून धरून काम आखणाऱ्यांनी आता तीन आठवडे अलीकडची धरावी असं माझं मत झालंय.

झाडांचा आराखडा जून 2025 मध्ये जमिनीवर उतरला. पाण्याची वाट तशीच ठेवून तिला दोन्ही बाजूंनी जांभ्याचे तुकडे लावले. पागोळ्यांखाली दगडगोट्यांनी भरलेला चर, आणि त्याचा उतार त्या वाटेकडे. हिरवळीच्या जागी आता ओल मानवणाऱ्या गोष्टी आहेत: अळू, कर्दळ, कडेला पोफळी. घरालगत हळद आणि आलं, कारण वानरं त्यांना तोंड लावत नाहीत. नारळ घरापासून लांब, 25-25 फुटांवर, बाणवली जातीचे. कोकम लावताना एक लक्षात घ्या. त्याची नर-मादी झाडं वेगळी असतात. बी रुजवून केलेली रोपं स्वस्त मिळतात, पण त्यांतली अर्धी नर निघू शकतात, आणि हे कळायला सात-आठ वर्षं जातात. म्हणून कलमं घेतली, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'कोकण अमृता'ची.

ओटीसमोरच्या जुन्या फणसावरून घरात वाद झाला. त्याची एक फांदी छपरावर आलेली. नवऱ्याचं म्हणणं झाड काढावं. फणस, आंबा ही झाडं आपल्या मालकीची असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वनविभागात चौकशी केली, कागदांची यादी घेतली. तोवर फणस लागले. काकींनी फणसाची सांदणं करून आणली. मग अर्ज तसाच राहिला आणि छपरावरची तेवढी फांदी विचारून उतरवली.

दिवाळीनंतर भिंती. मागचा सिमेंटचा गिलावा खरवडून काढला आणि भिंत दीड महिना उघडी वाळू दिली. चुन्याची कळी पिंपात पाण्याखाली तीन आठवडे मुरवली. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळणं हीच मोठी अडचण, मिळाला तोही आधी "थोडं सिमेंट टाकू का?" असं रोज विचारायचा. जुनी वायरिंग लाकडी पट्ट्यांवरची आणि अर्थिंगचा पत्ता नव्हता, ते सगळं नवं, त्याचे 90 हजार. जमिनीला माजघरात कोबा तसाच ठेवला, ओटीवर शहाबादी. बाथरूमच्या टाईल्सवर मात्र आम्ही जितकं भांडलो तितकं सगळ्या घरावर मिळून भांडलो नसू. त्यावर काही सल्ला नाही.

आता राहिलाय गोठा. चार खांब आणि दोन तुळया चांगल्या आहेत. छप्पर उतरवून बाजूची एक भिंत पुन्हा रचली की अवजारांची आणि पाहुण्यांची खोली होईल. तीही आहे त्याच जोत्यावर, कारण गोठ्याची नोंद नमुना 8 वर वेगळी आहे, हे कर भरताना लक्षात आलं. सुतारमामांना मी तारीख विचारली. म्हणाले, "शिमगा होऊ दे."